शेडमधला कॉम्प्युटर धुळीपासून वाचवायचा तर आधी काय आणि मग काय करायचं

फौंड्री, लूम शेड, डाळ मिल, हळदीचा कारखाना, क्रशरवरचा वजनकाटा, कुठेही जा, धुळीवरचे उपाय तेच दोन दिसतात. एकतर कॉम्प्युटरला प्लॅस्टिक गुंडाळतात, नाहीतर आठवड्यातून एकदा कॉम्प्रेसरची हवा मारतात. पहिल्याने मशीन आतल्या आत तापून मरतं, दुसऱ्याने धूळ आणखी खोल जाते आणि हवेबरोबर पाणी पण जातं. सामान चुकीचं घेतलं म्हणून फार कमी वेळा बिघडतं, बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. बॉक्स आधी विकत आणतात आणि आत किती वॅटचं मशीन बसणार हा विचार नंतर करतात. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, मधली सोडून पुढे जाऊ नका.

उदाहरणं जास्त करून कोल्हापूरच्या फौंड्रीतली आणि इचलकरंजीच्या लूम शेडमधली दिली आहेत, कारण धुळीची दोन टोकं तिथेच बघायला मिळतात, एक जड आणि करंट वाहून नेणारी, दुसरी हलकी आणि जाळी बुजवणारी.

१. आधी धूळ कुठली ते ओळखा

सगळी धूळ सारखी नसते आणि इथेच बहुतेक जण चुकतात. ढोबळमानाने चार प्रकार धरा.

तंतूवाली धूळ: लूम, जिनिंग, गारमेंट. कापसाचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांवर बसून अक्षरशः नमद्यासारखा थर होतो, हवा जाणं बंद. शॉर्ट सर्किटचा धोका कमी, तापण्याचा जास्त.

करंट वाहणारी धूळ: ग्राइंडिंग, फेटलिंग (ओतीव मालावरचा जास्तीचा भाग घासून काढणं), शॉट ब्लास्टिंग, सीआय म्हणजे कास्ट आयर्नचं मशीनिंग. लोखंडाचे बारीक कण आणि ग्राफाइट. कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइट असतंच, त्यामुळे त्याच्या मशीनिंगची काळी पावडर चुंबकाला चिकटते पण आणि करंट पण वाहते. ही मदरबोर्डवर बसली की बोर्ड कधी जाईल सांगता येत नाही.

ओल धरणारी धूळ: बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत घालतात ती चिकणमाती), सिमेंट, पीठ, हळद, गूळ-साखर. उन्हाळ्यात काही होत नाही, पहिला पाऊस पडला की हीच धूळ चिखल होते आणि बोर्डवरच्या बारीक पट्ट्या गंजायला लागतात. जूनमध्ये एकदम कॉम्प्युटर बंद पडायला लागतात ते यामुळे.

तेलकट धूळ: सीएनसीजवळची कूलंटची वाफ, तळणाचे कारखाने. ती हवेने निघत नाही, पुसावीच लागते.

फौंड्रीच्या सँड प्लांटजवळ, म्हणजे साच्याची वाळू तयार होते तिथे, तर तीन गोष्टी एकत्र असतात, सिलिका (वाळूची पूड), बेंटोनाइट आणि कोळसा पावडर, त्यामुळे तिथे सगळ्यात कडक उपाय धरायचा.

तपासा: कॉम्प्युटरच्या मागची चमचाभर धूळ कागदावर घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं लोहचुंबक वरून फिरवा, धूळ चिकटली तर त्यात लोखंडाचे कण आहेत. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब त्या ढिगात एकमेकांजवळ दाबा. कोरड्या धुळीतच रीडिंग आलं तर करंट वाहणारी धूळ समजा. नाही आलं तर दोन थेंब पाणी टाकून परत बघा. आता आलं तर ती पावसाळ्यात त्रास देणार.

सावधान: पीठ, साखर, हळद, कोळसा, कापूस यांची धूळ हवेत दाट तरंगत असेल तर ती पेट घेऊ शकते, बंद जागेत स्फोटही होतो. अशा जागेत साधा कॉम्प्युटर, साधा पंखा, साधा स्विच काहीच बसवायचं नाही. तिथे स्फोटक धुळीसाठीचं सर्टिफाइड सामानच लागतं आणि ते जाणकार माणसाकडूनच बसवून घ्या. हा लेख त्या जागेसाठी नाही.

२. कॉम्प्युटर तिथे ठेवायलाच हवा का?

हा प्रश्न फुकटात सुटतो आणि तोच कुणी विचारत नाही. माणसाला शेडमध्ये काय लागतं? स्क्रीन, कीबोर्ड, फारतर स्कॅनर. डबा म्हणजे सीपीयू शेजारच्या ऑफिसात, भिंतीपलीकडे राहू शकतो. भिंतीला एक भोक पाडायचं, केबल काढायची आणि भोक नीट बुजवायचं, झालं काम.

फक्त केबलच्या लांबीची मर्यादा लक्षात ठेवा. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत. एचडीएमआय १० मीटरपर्यंत सहसा चालते, पुढे भरवसा नाही. त्याहून लांब असेल तर नेटवर्क केबलवरून स्क्रीन आणि यूएसबी नेणारे एक्स्टेंडर मिळतात ते लावा. नेटवर्क केबल स्वतः १०० मीटर जाते. वजनकाट्याच्या इंडिकेटरचं आरएस-२३२ (काट्याचं रीडिंग कॉम्प्युटरला देणारी जोडणी) साधारण १५ मीटरपर्यंतच धरा. लांब न्यायचं असेल तर दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून आरएस-४८५ करा, ते १२०० मीटरपर्यंत जातं.

डेटा केबल मोटरच्या किंवा फर्नेसच्या पॉवर केबलला चिकटवून एकाच ट्रेमधून नेऊ नका, निदान फूटभर अंतर ठेवा. नाहीतर धूळ नसतानाही काट्याचं रीडिंग उड्या मारेल आणि बोट धुळीकडे दाखवलं जाईल.

वायफाय आहे, मग डबा लांब ठेवून शेडमध्ये टॅबलेट देऊ, असं पण करता येतं. नुसती एन्ट्री करायची असेल तर हा उपाय उत्तम, कारण टॅबलेटला पंखाच नसतो. हातमोजे घालून काम असेल तर आधी मोज्यासकट टच चालतो का तेवढं बघून घ्या.

यातलं काहीच जमत नसेल तरच पुढच्या पायऱ्या.

३. मशीन बदलता येईल का

नवीन घेणार असाल तर बिनपंख्याचा मिनी पीसी घ्या. टॅली, ईआरपी, काट्याचं सॉफ्टवेअर, बारकोड यासाठी तो भरपूर होतो, करंटही १५ ते ३० वॅटच्या आसपास खातो. पंखा नाही म्हणजे हवा ओढणं नाही, आणि हवा ओढली नाही तर धूळ आत जाण्याचं मुख्य कारणच संपलं. त्याचं वरचं पात्यांचं कव्हर हाच हीटसिंक असतो, म्हणून त्यावर रजिस्टर ठेवायचं नाही आणि त्याला कापड घालायचं नाही.

जुनाच ठेवणार असाल तर निदान हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. शेडमधल्या हादऱ्याने आणि उष्णतेने फिरणारी डिस्क लवकर जाते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर काढून टाका आणि त्या खिडकीला पत्रा मारा, धुळीचं ते एक मोठं दारच आहे.

४. उष्णतेचा हिशोब (हे न करता बॉक्स आणू नका)

पूर्ण बंद पत्र्याचा बॉक्स उष्णता फक्त अंगातून बाहेर टाकतो. रंगवलेल्या पत्र्याचा एक चौरस मीटर, आतबाहेर १० डिग्रीचा फरक असेल तर साधारण ५०-५५ वॅट बाहेर टाकतो. ६०० बाय ६०० बाय ३०० एमएमचा भिंतीवरचा बॉक्स घ्या, मागची बाजू भिंतीला, म्हणजे उघडं अंग जेमतेम ०.९ ते १ चौरस मीटर. आता एप्रिलमध्ये शेडमध्ये ४२ डिग्री आहे, आत ५० वॅटचं मशीन ठेवलं तर बॉक्समधली हवा ५२ ला जाऊन बसणार. बिनपंख्याचा २० वॅटचा पीसी यात आरामात राहतो. जुना डेस्कटॉप कामात असताना १०० ते १५० वॅट खातो, त्याला असा बंद बॉक्स म्हणजे भट्टी. प्लॅस्टिक गुंडाळलेल्या कॉम्प्युटरचं तर बोलायलाच नको.

म्हणून नियम सोपा: ३०-४० वॅटच्या आत असेल तर पूर्ण बंद बॉक्स, त्याच्या वर असेल तर फिल्टर लावलेला हवेचा बॉक्स.

हवेच्या बॉक्सला किती हवा लागते तेही काढता येतं. वॅटला १.७६ ने गुणा आणि किती डिग्री फरक चालेल त्याने भागा, उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. १५० वॅट, १० डिग्री फरक, म्हणजे २६ सीएफएम. पण फिल्टर हवा अडवतो आणि तो भरत गेला की आणखी अडवतो, म्हणून ते दुप्पट-तिप्पट करा, ८० धरून चला. पॅनेलवाल्यांकडे मिळणारा १२० एमएमचा २३० व्होल्टचा चांगला पंखा मोकळ्या हवेत तेवढी हवा देतो, या कामाला एक पुरतो.

तपासा: वॅट अंदाजाने धरू नका. प्लगमध्ये लावायचं पॉवर मीटर स्वस्तात मिळतं, तासभर नेहमीचं काम चालू ठेवून सगळ्यात जास्त आकडा लिहून घ्या.

५. बॉक्स बांधणे

अ) बॉक्स कुठला. बॉक्सवर आयपी नंबर असतो, धूळ आणि पाणी किती अडवतो ते सांगणारा, त्यातला पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल पण काम बिघडणार नाही, ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. करंट वाहणारी धूळ असेल तर बंद बॉक्स आयपी ६५ चा घ्या, तंतूवाल्या धुळीला आयपी ५४ पुरतो. लोकल फॅब्रिकेटरकडून करून घेतला तरी चालतो, फक्त दाराला चारी बाजूंनी रबर गास्केट आणि दोन कुलपं, वर आणि खाली. एका कुलपाने दार वाकतं आणि खालच्या कोपऱ्यात फट राहते.

आ) पंखा कुठल्या दिशेने. सगळ्यात जास्त चूक इथे होते. एक्झॉस्ट लावायची सवय असल्यामुळे वायरमन पंखा हवा बाहेर फेकणारा बसवतो. त्याने बॉक्समध्ये हवा कमी पडते आणि ती प्रत्येक फटीतून, केबलच्या भोकातून, बिजागरीतून धूळ घेऊन आत ओढली जाते, मग फिल्टर असून नसल्यासारखा. पंखा हवा आत ढकलणारा हवा, फिल्टरच्या मागे, म्हणजे आत येणारी सगळी हवा गाळूनच येईल. आत दाब थोडा जास्त राहतो, त्यामुळे एखादी फट राहिली तरी तिच्यातून हवा बाहेरच जाते.

इ) भोकं कुठे. आत येणारी हवा बॉक्सच्या बाजूला खालच्या अंगाला, बाहेर जाणारी तिच्या विरुद्ध बाजूला वरच्या अंगाला, म्हणजे हवा कॉम्प्युटरवरून तिरकी जाते. पण बॉक्सच जमिनीलगत ठेवू नका, झाडू मारला की सगळं तिथे. आत येणारं तोंड जमिनीपासून निदान तीन-चार फूट वर आणि ग्राइंडरच्या विरुद्ध बाजूला. जमत असेल तर पीव्हीसी पाइप लावून हवा ऑफिसच्या बाजूने किंवा शेडच्या बाहेरून घ्या, फिल्टर किती तरी पट जास्त टिकतो. वरच्या तोंडाला पण फिल्टर लावा, कारण रात्री पंखा बंद असतो आणि धूळ बसायची थांबत नाही.

ई) फिल्टर. पॅनेलसाठी पॉलिएस्टरच्या जाड गादीसारख्या फिल्टर मॅट मिळतात, जी-३ किंवा जी-४ ग्रेडची मागा. मच्छरदाणीची जाळी किंवा जुना बनियन चालत नाही, एकातून बारीक धूळ जाते, दुसऱ्यातून हवाच जात नाही. मॅटची मोकळी बाजू बाहेर, घट्ट किंवा जाळीवाली बाजू आत. लूम शेडमध्ये मॅटच्या बाहेर अजून एक साधी जाळी लावा, मोठे तंतू तिथेच अडकतात आणि ऑपरेटर येता-जाता हाताने काढू शकतो.

उ) केबल. प्रत्येक केबल खालच्या बाजूने ग्लँडमधूनच (केबलभोवती घट्ट बसून भोक बंद करणारी चकती). एका मोठ्या भोकातून सगळ्या वायरी काढून वरून एम-सील थापायचं आणि पुढच्या महिन्यात प्रिंटरची केबल बदलायची म्हणून ते फोडायचं, हे सगळीकडे दिसतं. जोडसहित जाणाऱ्या यूएसबी केबलसाठी दोन तुकड्यांत उघडणारे ग्लँड येतात, ते घ्या. एक-दोन ग्लँड जास्तीचे बसवून त्यांना बूच मारून ठेवा. ड्रिल आणि ग्राइंडरचं सगळं काम कॉम्प्युटर आत ठेवायच्या आधी संपवा आणि बॉक्स आतून ओल्या फडक्याने पुसून घ्या, लोखंडाचा कीस आतच राहिला तर इतकं सगळं करून उपयोग शून्य.

ऊ) अर्थिंग. बॉक्स पत्र्याचा आहे, त्याला अर्थ हवीच, दाराला पण वेगळी लवचिक वायर. सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवा. यूपीएस मात्र शेडमध्ये ठेवू नका, त्यालाही पंखा असतो आणि बॅटरीला उष्णता मानवत नाही. तो ऑफिसात ठेवून नुसती लाइन इकडे आणा.

तपासा, तीन गोष्टी:
पहिली, रात्री बॉक्समध्ये टॉर्च चालू करून ठेवा, दार लावा, शेडचे दिवे बंद करा. जिथून उजेड दिसेल तिथून धूळ जाणार.
दुसरी, पंखा चालू करून दाराच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. आत ओढला जात असेल तर पंखा उलटा बसलाय. कापूस, पीठ, साखर असलेल्या जागी उदबत्ती अजिबात नको, तिथे टिश्यू पेपरची पट्टी धरा.
तिसरी, बॉक्सच्या तळाला पांढरा कागद ठेवून आठवड्याने बघा. बोट फिरवल्यावर रेघ उमटली तर अजून फट आहे, शोधा.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट. मशीन रात्री बंद केलं की बॉक्स थंड होतो आणि आत ओल बसते. करंट वाहणारी किंवा ओल धरणारी धूळ असेल तर जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर चालूच ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅटवाला छोटा पॅनेल हीटर लावा. सिलिका जेलच्या पुड्या बंद बॉक्समध्ये चालतात, हवा खेळत्या बॉक्समध्ये त्यांचा काही उपयोग नाही.

६. बाहेर राहणाऱ्या वस्तू

कीबोर्डला सिलिकॉनचं कव्हर लावा किंवा धुता येणारा सपाट कीबोर्ड घ्या. जिथे ठरावीक नंबरच टाकायचे आहेत तिथे बारकोड स्कॅनर द्या, हात कमी लागतात. स्क्रीन कोरड्या फडक्याने पुसू नका, सिलिकाचे कण काच आणि प्लॅस्टिक दोन्ही ओरखडतात, आधी ब्रशने झटका आणि मग ओलसर मऊ कापड.

प्रिंटर हा खरा दुखरा भाग. लेझर प्रिंटर शेडमध्ये ठेवूच नका, तो हवा ओढतो आणि कागदाबरोबर धूळ पण आत नेतो. पावती शेडमध्येच लागत असेल तर डॉट मॅट्रिक्स जास्त सहन करतो, साखर कारखान्याच्या काट्यावर बगॅस (उसाचा चोथा) उडत असताना पण तो चालतो. लेबलचा थर्मल प्रिंटर असेल तर रोल बदलताना दर वेळी हेड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. कागद पण बंद डब्यात ठेवा, धुळीने माखलेला कागद घातला तर प्रिंटर कितीही झाका.

७. सफाई

बॉक्स कितीही चांगला केला तरी सफाई लागतेच, फक्त कमी वेळा. क्रम असा.

१) मास्क घाला, एन-९५ चा. हे मनापासून सांगतोय. फौंड्रीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो, कापसाच्या धुळीनेही फुप्फुसाचा आजार होतो आणि कॉम्प्युटर झटकणारा पोरगा नेमका त्या ढगात तोंड घालून उभा असतो.

२) आधी बॉक्स बाहेरून, दार बंद असताना. वरची धूळ व्हॅक्यूमने ओढा, मग ओलं फडकं. हे न करता दार उघडलं की वरचा ढीग थेट आत.

३) शट डाउन, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. डबा उचलून शेडच्या बाहेर न्या. शेडमध्ये उघडून साफ करणं म्हणजे परत भरणं.

४) हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून घ्या, मग आत घाला. मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि व्हॅक्यूमचं तोंड थोडं लांब धरून ओढायची, बोर्डला टेकवायचं नाही, कारण प्लॅस्टिकच्या नळीवर स्टॅटिक चार्ज तयार होतो. करंट वाहणारी धूळ असेल तर इथपर्यंत ब्लोअर हातातच घेऊ नका, ती स्लॉटमध्ये आणि चिपच्या खाली घुसते. तेलकट थर असेल तर ब्रशला आयपीए लावून पुसा.

५) आता ब्लोअर. इलेक्ट्रिक हँड ब्लोअर चांगला. कॉम्प्रेसरच वापरायचा असेल तर पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर हवाच, प्रेशर रेग्युलेटरने २ बारच्या आत आणा आणि आधी नोझल पांढऱ्या कागदावर मारून बघा, कागदावर ओल किंवा डाग दिसला तर वापरू नका. प्रत्येक पंखा बोटाने धरा, फिरू देऊ नका, हवेच्या जोराने तो मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं.

६) प्रोसेसरचा पंखा हीटसिंकवरून सोडवा. वरून हवा मारली की सगळं स्वच्छ दिसतं, पण पंखा आणि पात्यांच्या मधला थर तसाच असतो, लूम शेडमध्ये तर नक्कीच. तो चिमट्याने उचलून काढावा लागतो. हीटसिंक हलवला असेल तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट आयपीएने पुसून नवीन लावा, वाटाण्याएवढी पुरे.

७) एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. बाहेरून व्हॅक्यूम आणि हलकी हवा, बस. फेटलिंग विभागातला असेल आणि जाळीतून आत काळा थर दिसत असेल तर सरळ बदला.

८) रॅमचे पाय आयपीएच्या कापडाने पुसा. सगळं सुकायला पंधरा-वीस मिनिटं द्या, आयपीए पेट घेतं, ओलं असताना चालू करायचं नाही. मग झाकण उघडं ठेवून चालू करा, सगळे पंखे फिरतात का बघा आणि नंतर बंद करा.

फिल्टर मॅटचं वेगळं सांगतो. बाहेरच्या बाजूने हवा मारू नका, धूळ आणखी रुतते. आतल्या बाजूने बाहेर झटका, साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, पिळू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, ओला फिल्टर म्हणजे बॉक्समध्ये वाफ. यासाठी दोन जोड हवेतच, एक लावलेला, एक वाळत. मॅट पातळ झाली किंवा धुऊनही काळीच राहिली तर टाकून द्या.

८. पुढची देखरेख

सगळं बसवल्यावर पहिल्याच दिवशी एचडब्ल्यूमॉनिटर किंवा तसलं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि दुपारी तीनच्या सुमाराला, काम चालू असताना, प्रोसेसरचं टेम्परेचर आणि शेडचं टेम्परेचर दोन्ही बॉक्सच्या दाराच्या आत मार्करने लिहा, तारखेसकट. दर आठवड्याला त्याच वेळी परत बघा. दोन आकड्यांमधला फरक पहिल्या दिवसापेक्षा १० डिग्रीने वाढला की फिल्टर बदलायची वेळ झाली. फिल्टर बदलूनही फरक तसाच राहिला तर मशीन उघडायची वेळ झाली. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीला पोचले की स्वतःच स्पीड कमी करतात, त्यामुळे "कॉम्प्युटर स्लो झालाय" अशी तक्रार आली की फॉरमॅट मारायच्या आधी हा आकडा बघा.

"दर महिन्याला सफाई" असं वेळापत्रक भिंतीवर लावू नका. लूम शेडमध्ये फिल्टर आठवड्यात भरेल, डाळ मिलमध्ये हंगामात रोज आणि इतर वेळी महिनाभर काही नाही. कागद आणि टेम्परेचर हे दोनच सांगतील.

ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका, शिफ्टच्या सुपरवायझरच्या नाही तर रोज त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या, आणि बॉक्सची चावी त्याच्याकडेच द्या. चावी सगळ्यांकडे असली की दार उघडंच राहतं, आत जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली पण येते. जवळच्या कपाटात एक पिशवी भरून ठेवा: धुतलेला फिल्टर जोड, एक १२० एमएम पंखा, एक एसएमपीएस, एक कीबोर्ड, आणि चालू एसएसडीची हुबेहूब कॉपी केलेली दुसरी एसएसडी, जी महिन्यातून एकदा नव्याने कॉपी करायची आणि लावून चालू होते का तेही बघायचं.